हरणाऱ्याने बरोबरी मागू नये

दुपारची जेवणं आटोपून मी दिवाणावर आडवी होते, पण डोळा काही लागत नाही. शेजारी स्टुलावर लाकडी पट मांडलाय आणि त्याच्या कडेला मोबाईल पालथा घातलाय. सरळ ठेवला की दिगूदादाची ती बरोबरीची मागणी दिसणार आणि माझं डोकं पुन्हा फिरणार. म्हणून पालथा.

दिगूदादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो नाशकात, मी मिरजेत. आमचा बुद्धिबळाचा डाव मोबाईलवर चालायचा, एकेका चालीला बरेच दिवस मिळतात तसला. शेवटची चाल त्याने केली, सोबत बरोबरी मागितली आणि दुसऱ्या दिवशी गेला. आता चाल माझी आहे आणि संध्याकाळी माझी वेळ संपते. मागणी मान्य केली तर डाव तिथेच मिटतो. कुठलीही चाल केली तर मागणी नाकारल्यासारखी होते, त्याचं घड्याळ सुरू होतं, आणि मेलेल्या माणसाची वेळ संपली म्हणून मी जिंकते. काहीच केलं नाही तर मी हरते. यातलं एकही मला नको आहे.

बरं, मागणी तरी कशी? त्याचा एक हत्ती जास्त आहे! जिंकणारा तो, आणि बरोबरी मागणाराही तोच. लहानपणापासूनची खोड. मी हरायला आले की म्हणायचा, "रडू नकोस हेमे, बरोबरी घे." आयुष्यात एकदाही मला धड हरू दिलं नाही, की जिंकूही दिलं नाही. साठीला आलेल्या बहिणीला अजून भीक घालतोय.

पंख्याची घरघर हळूहळू टिकटिक करायला लागते. मी कूस बदलते, तर पाठीखाली दिवाण नाही, लाकडी बाक आहे.

दाताच्या डॉक्टरांकडची बसायची खोली. समोर दादा, गालाला रुमाल लावून.

"अजून नाटक चालूच आहे का?" मी म्हणते.

"हळू बोल. आत पेशंट आहे."

"हळू? तू मला फोनवर काय सांगितलंस? दातांचं काम चाललंय म्हणे! ऑपरेशन छातीचं आणि काम दातांचं?"

"दातही दुखत होते गं."

"मेल्या!" मी ओरडते आणि जीभ चावते. एवढी एक शिवी हक्काची होती, आता तीही द्यायची सोय राहिली नाही.

दादा मात्र खुशीत हसतो. "चल, आपला नंबर आला," म्हणतो आणि आतलं दार उघडतो.

आत डॉक्टर नाहीत. आत आमच्या सांगलीच्या घराची गच्ची आहे, ऊन रणरणतंय आणि आईचे उडदाचे पापड वाळत घातलेत, ओळीने, पटाच्या घरांसारखे. पापडांवर सोंगट्या उभ्या आहेत. आमचाच डाव. दादाचा चेहरा परवाचा आहे, पांढरे खुंट वाढलेला, पण पाय हाफ पँटमधले, खरचटलेले. तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडी घालतो. इथेच त्याने मला खेळ शिकवला.

"नियम म्हण," तो म्हणतो.

"मी म्हणू? तू म्हण! मोडलेस तू."

"आधी चाल, मग मागणी," तो शाळेतल्यासारखा म्हणायला लागतो. "मागायची ती एकदाच. समोरच्याने नाही म्हटलं की पुन्हा तोंड उघडायचं नाही. आणि हरणाऱ्याने बरोबरी मागू नये."

"मग? गेला महिनाभर प्रत्येक चालीला मागतोयस! मी नाही म्हणतेय, खाली लिहूनसुद्धा पाठवलं, की दादा, हे बरं दिसत नाही. तरी आपलं टुणटुण, टुणटुण. परक्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याच्याशी खेळणं बंद केलं असतं."

"ऑपरेशनच्या आधी डाव मिटवायचा होता. अर्धा ठेवून जायला नको वाटत होतं."

"मग तसं लिहायचं! दोन ओळी! बोटं झिजली असती का तुझी?"

 तो एका पापडाची कड मोडून तोंडात टाकतो. आई ओरडेल म्हणून मी नकळत जिन्याकडे बघते.

"आधीच्या मागण्या सोड," तो म्हणतो. "शेवटची वेगळी होती. तू पट बघितलास का नीट?"

"काय बघायचंय? तुझा हत्ती जास्त आहे."

"मागणी बघून भडकलीस, पट बघितलाच नाहीस. हा घोडा बघ तुझा." तो कोपऱ्यातल्या पापडाकडे बोट करतो. कान तुटलेला घोडा, लहानपणी गच्चीवरून पडलेला. "आता तुझा वजीर उचल आणि माझ्या राजाला खेटून ठेव."

"फुकट मरेल."

"राजाला मारता येत नाही, तुझा घोडा ते घर राखतोय. माझ्या हत्तीलाच मारावा लागतो. मारला की राजाच्या चहूकडे माझीच माणसं. हलायला जागा नाही. मग तुझा घोडा उडी मारतो..."

"मात," मी म्हणते.

"मात," तो म्हणतो.

खाली पापड नाहीत आता. लांबच लांब टेबलं आहेत, कुठल्याशा स्पर्धेचा हॉल, एकही खेळाडू नाही, नुसती घड्याळं चालतायत. टेबलापलीकडे दादा बसलाय, इस्पितळाच्या हिरव्या झग्यात.

"म्हणजे तू हरत होतास," मी म्हणते.

"चाल केली आणि दिसलं."

"आणि हरत असताना मागितलीस? तू?"

"हो. या वेळी मलाच पाहिजे होती गं."

माझ्या अंगाचा तिळपापड होतो. "मग फोन करून सांगायचंस की हेमे, घाबरलोय मी! वहिनींना शपथ घातलीस, गप्प केलंस. पोरांना गप्प केलंस. सगळ्यांना माहीत, आणि मी इकडे तुला चालीरीती शिकवत बसले!"

"तू रडली असतीस."

"रडले असते! भाऊ आहेस माझा! रडायचा हक्क होता मला, तो काढून घ्यायचा अधिकार कोणी दिला तुला?"

हॉलमध्ये माझा आवाज घुमतो. दादा मान खाली घालतो. मग डाव संपल्यावर करतात तसा हात पुढे करतो. मी हात मिळवत नाही. जा, म्हणते, नाही मिळवत. तेव्हा तो कान तुटलेला घोडा माझ्या तळहातावर ठेवतो आणि माझी बोटं एकेक करून मिटतो. त्याची बोटं गार आहेत.

"घट्ट धर," तो म्हणतो. "आणि खेळ."

जाग येते तेव्हा ऊन खिडकीतून उतरलंय. माझी उजवी मूठ आवळलेली आहे. उघडते तर आत पटावरचा तोच घोडा, आणि तळव्यात त्याचा तुटका कान खोल रुतून उमटलेला. झोपेत उचलला असेल म्हणावं, तर स्टूल डाव्या बाजूला आहे.

मी मोबाईल सरळ करते आणि पट बघते. वजीर, हत्ती, मग घोडा. सगळं तसंच आहे, जसं तो म्हणाला. मेला लबाड!

वहिनींना फोन लावते. "वहिनी, दादाचा मोबाईल चालू आहे का?"

"आहे की. रोज चार्ज करून ठेवते. का ते नको विचारूस."

"नाही विचारत. आता त्यावर आमचा पट येईल आणि खाली बरोबरीची खूण येईल. ती मान्य करायची. बाकी कशाला हात लावू नका."

आधी चाल, मग मागणी. वजीर उचलते आणि दादाच्या राजाला खेटून ठेवते. त्याची मागणी विरून जाते. मग मी माझी पाठवते, एकदाच, आणि खाली लिहिते: रडू नकोस दादा, बरोबरी घे.

"थांब हं, चष्मा घेते," वहिनी म्हणतात. मग त्या मी लिहिलेलं मोठ्याने वाचायला लागतात आणि मध्येच थांबतात.  माझ्या मोबाईलवर अक्षरं येतात: डाव बरोबरीत.

"हेमा," वहिनी नाक ओढत विचारतात, "जिंकत कोण होतं गं?"

"मी," मी म्हणते. "मी जिंकत होते, वहिनी."

फोन ठेवते. तळहातावरचा घोड्याचा कान अजून गेलेला नाही. तो हात तोंडावर धरते आणि हक्काने रडते.