सातव्या नळावरच्या आठ सह्या

शंकाकाकूंचं खरं नाव त्यांच्या शिलाई मशीनवर रंगाने लिहिलेलं होतं, आणि त्यावर काकूंनी कापड पांघरून ठेवलं होतं. कुणी वाचलं आणि त्याचा काय उपयोग केला, तर?

आता एवढ्यावरून बाई कळली नसेल तर आणखी ऐका. नवरा जेवताना म्हणाला, "आज मस्त झालंय," की काकू हात थांबवून विचारत, "काय हवंय?" नवरा बिचारा तीस वर्षं पहारेकरी. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेण्याचा पगार खाल्ला आणि घरी आल्यावर तो सगळा व्याजासकट परत मिळाला. गिऱ्हाईक ब्लाऊजचं माप द्यायला आलं, तरी ते पोट आत ओढून उभं आहे का, हे काकू आधी बघत. बहुतेक वेळा ते तसंच उभं असे, म्हणून काकूंचा स्वभाव सुधारायला वावच मिळाला नाही.

अशा बाईकडे बारा नळांच्या पाणी समितीची हजेरीवही होती. त्या वस्तीत घरात पाणी नव्हतं. रस्त्यावर बारा नळ, आणि प्रत्येकापुढे बादल्यांची रांग. एक परदेशी मदतसंस्था नव्या पाइपांसाठी पाणी कार्यालयाला पैसे देत होती, पण अट घालून: वस्तीच्या समितीची संमती असल्याशिवाय एक खिळाही हलवायचा नाही. त्यामुळे दर महिन्याला कार्यालयाच्या लांब टेबलाशी समितीच्या दोन खुर्च्या असत. एकीवर शंकाकाकू, दुसरीवर त्यांची चाळीस वर्षांची मैत्रीण, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. कार्यालयाच्या साहेबांना त्या दोन खुर्च्या चपलेत खडा शिरावा तशा टोचत.

समितीची एक खोड होती. बैठक आणि पाणी नेमकं एकाच वेळी येई. मग बायकांनी नियम केला होता: जिची बादली आपल्या पुढे, तिची सही बैठकीत आपण करायची, आणि तिने रांगेत थांबून आपलीही बादली सरकवायची. काकूंना हे कधीच पटलं नाही. "उद्या कुणीतरी ह्याच भोकातून आत शिरेल," त्या म्हणत. सगळ्या हसत आणि सह्या करत.

आणि एका सोमवारी कार्यालयाच्या दारावर कागद लागला. समितीने एकमताने संमती दिल्याचा. महिनाअखेर बाराही नळ बंद, त्यांच्या जागी पैसे भरलेलं कार्ड लावून पाणी देणारी यंत्रं. समितीचं काम पूर्ण झाल्याने तिच्या जागा रद्द. खाली शहाण्णव सह्या, हुबेहूब काकूंच्या वहीसारख्या रकान्यांत: सही, आणि पुढे नळाचा क्रमांक. तिसऱ्या नळाच्या यादीत काकूंची स्वतःची सही होती. शेवटच्या शेपटासकट.

काकू तडक इस्त्रीवालीकडे गेल्या.

"वहीच्या पेटीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. तूच दिलीस."

"आणि तुझ्या जावयाला कार्यालयात गाडी चालवायची नोकरी कधी लागली?"

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "सरळ विचार ना. आडून आडून काय बटणं मोजतेस?"

"वही तू दिलीस का त्यांना?"

"अगं, तुझ्या घरातलं झुरळसुद्धा तुला विचारून बाहेर पडतं. तिथून मी वही नेणार?" मग तिचा आवाज खाली आला. "चाळीस वर्षं तुझ्या शेजारी उभी आहे मी. जा तू. आणि तुझ्या नवऱ्याचा शर्ट घेऊन जा, तो मी अर्धाच केलाय."

काकू अर्धा चुरगळलेला शर्ट घेऊन घरी आल्या. त्या रात्री नवऱ्याने शर्टाबद्दल काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

गुरुवारी मदतसंस्थेची पाहुणी संमतीची खातरजमा करायला येणार होती. काकूंनी बुधवारी त्या कागदाची नक्कल करून आणली, ती कापायच्या टेबलावर पसरली आणि मापाची पट्टी ठेवून ओळ न ओळ वाचली. बारा नळ, प्रत्येकी आठ सह्या. एवढी समान वाटणी त्या वस्तीत कधी पेढ्याची झाली नव्हती, मग सह्यांची कशी? त्यांची पट्टी सातव्या नळापाशी थांबली.

सातवा नळ! त्याला आठ वर्षांपूर्वी एका ट्रकने धडक दिली होती. तेव्हापासून तो कोरडा. आता चांभार त्याला आपली पिशवी टांगत असे. तिथली घरं कधीच पाचव्या आणि नवव्या नळावर वाटली गेली होती. कार्यालयाच्या नकाशात मात्र तो अजून वाहत होता.

काकू खूश होणार, इतक्यात त्यांची पट्टी पुन्हा रकान्यांवर आली. रकाने इतके तंतोतंत जुळवायला वही समोर लागते. आणि वही कुणी दिली होती ते त्यांना आठवलं.

दोन महिन्यांपूर्वी कार्यालयाचा कारकून पँट आखूड करायला आला होता. वही उघडी दिसली तसा तो खाली बसलाच. "बाई, असं अक्षर मी आख्ख्या कार्यालयात पाहिलं नाही. दोन दिवस द्या, सगळ्यांना नमुना म्हणून दाखवतो." सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईने लाजून वही दिली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याने उगाच "कोण म्हणालं, छान आहे?" असं विचारलं असतं.

गुरुवारी लांब टेबलाशी साहेब, कारकून, पाहुणी आणि तिची दुभाषी बसले होते. इस्त्रीवाली काकूंपासून एक खुर्ची सोडून बसली होती. साहेबांनी आधीच वही मागवून घेतली होती. ती त्यांनी पाहुणीपुढे उघडली.

"बघा. एकाच हाताच्या दोन-दोन सह्या. ह्यांना लोकांचे प्रतिनिधी म्हणायचं? आणि आज म्हणतात, संमतीच्या सह्या खोट्या!"

दुभाषीने सांगितलं. पाहुणीच्या कपाळावर आठी आली. गप्प राहिलं तर नळ जातील, बोललं तर आयुष्यभराची अब्रू. त्या उभ्या राहिल्या.

"वही मी बाहेर दिली. माझ्या अक्षराची कुणीतरी तारीफ केली म्हणून." त्यांनी कारकुनाकडे पाहिलं नाही, कारकून मात्र छताकडे पाहायला लागला. "आणि एकमेकींच्या सह्या आम्ही करतो, तेही खरं. चूक आहे. पण वहीतली कुठलीही सही दाखवा. ती कुणी केली आणि का, ते आम्ही सांगतो."

पाहुणीने मधलंच एक पान उघडून बोट ठेवलं. काकूंना पटकन आठवेना. तेवढ्यात बाजूने आवाज आला.

"ती मी केली." इस्त्रीवाली. "नवव्या नळावर तिची बादली माझ्या पुढे होती. निळी, कड फुटलेली. त्या दिवशी तिने माझी बादली सरकवताना अर्धं पाणी सांडलं, म्हणून पक्कं लक्षात आहे."

दुभाषीला हसू आवरेना. पाहुणीने दुसरं पान उघडलं, मग तिसरं. दर वेळी उत्तर आलं, बादलीच्या रंगासकट.

"आता," काकू म्हणाल्या, "ह्या कागदावर सातव्या नळाच्या आठ सह्या आहेत. त्यातल्या एकीची तरी बादली कुणाच्या पुढे होती, ते साहेबांनी सांगावं."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. पाहुणी म्हणाली, "मला तो नळ दाखवा."

सगळी वरात सातव्या नळापाशी गेली. चांभाराने डोकं वर केलं. "पाणी? ह्याला? बाई, ह्याच्यावर तुमची पिशवी टांगायची असेल तर टांगा, माझी काढतो." पाहुणीने नळाची चावी फिरवली. ती तिच्या हातातच आली.

ती गंजकी चावी पाहुणीने रुमालात बांधून बरोबर नेली. संध्याकाळपर्यंत दारावरचा कागद उतरला आणि दोन्ही खुर्च्या राहिल्या. पाहुणीने समितीलाही सोडलं नाही: यापुढे बैठक नळापाशीच घ्यायची, आणि ज्याची सही त्यानेच करायची.

घरी जाताना काकूंनी इस्त्रीवालीला गाठलं.

"चुकलं माझं," शेवटी त्या म्हणाल्या.

"काय? मोठ्याने बोल, गाडी गेली मधून."

"गाडी कुठे गेली? एकही गाडी नाही रस्त्यावर!"

"मग परत म्हण."

काकूंनी परत म्हटलं. मग पिशवीतून हजेरीवही काढली. "आजपासून तू ठेव. तुझ्या अक्षराची कुणी तारीफ करणार नाही."

"शर्ट पाठव उद्या," इस्त्रीवाली म्हणाली आणि वही धरली. पण ती हातात येईना. दुसरं टोक काकूंनी अजून सोडलं नव्हतं.

"एकशे बारा पानं आहेत," काकू म्हणाल्या. "माझ्यासमोर मोजून घे."