विलायती आजोबा जेवेनात

माझा आगोसूमामा फ्रीज दुरुस्त करतो. आमच्या उईदा गावात त्याला सगळे ओळखतात, पण कामासाठी नाही. तो कुणालाच नाही म्हणत नाही, म्हणून. आमच्याकडे पायाळू पोराचं नाव आगोसू ठेवतात. कोसिबामामी म्हणते, "सुईण म्हणाली असेल, बाळा, आधी पाय दे. हा नाही कसा म्हणणार!"

मी शाळा सोडली तेव्हा सगळ्या घराण्याने माझं डोकं खाल्लं. मामाने फक्त विचारलं, "सेजरो, जेवलीस का?" आणि मला घरी आणलं. त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं टाळकं सटकतं. मी बोललेलं चालतं. मी घरातली आहे.

तर झालं असं. कोतोनू शहरात एक योवो, म्हणजे गोरी, बाई नोकरी संपवून मायदेशी निघाली होती. मामाने तिचा फ्रीज दुरुस्त केला आणि तिने त्याच्या गळ्यात अजगर घातला. खराखुरा. तिकडच्या थंड देशात काचेच्या पेटीत जन्मलेला, पांढरा, अंगावर आंब्याचा रस सांडल्यासारखे पिवळे डाग. "तुम्ही न्याल का हो याला?" बाईने विचारलं. आता मामा काय म्हणणार?

आमच्या गावाला अजगराचं कौतुक नाही. देवळात ढिगाने आहेत, आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. रात्री बाहेर पडतात, उंदीरबिंदीर खातात, कधी कुणाच्या खाटेखाली सापडतात. मग घरची बाई म्हणते, "आजोबा, वाट चुकलात वाटतं?" आणि अलगद उचलून देवळात पोचवते. पण आजोबांना काचेत घालून, वर झाकण लावून, पुढच्या खोलीत दिव्याखाली मांडणारा नातू गावाने पहिल्यांदाच पाहिला.

बाईने निघताना सगळं नीट सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते. नवं घर आहे, घाबरलेला असेल. काही दिवस हात लावू नका, अंधारात लपायला जागा द्या. खायला मेलेला उंदीर, बर्फातला. गरम पाण्यात ठेवून ऊबदार करायचा, चिमट्यात धरून तोंडापुढे हलवायचा. खाल्ल्यावर पुन्हा उचलायचं नाही, नाहीतर सगळं ओकून टाकेल. मामा प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणत होता. त्याचं "हो हो" म्हणजे ऐकलं असं नसतं. नाही म्हणता येत नाही, एवढंच.

आम्ही मोटारसायकलवरून घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दारात पहिली उभी होती शेजारची नानव्ही, चवळीचे आक्रा वडे तळून विकणारी. हाताचं तेल कमरेच्या कापडाला पुसत म्हणाली, "आगोसू, परदेशातून आजोबा आलेत म्हणे? गळाभेट तरी घेऊ दे."

"घे की, मावशी."

झालं. तिच्या मागून अख्खी गल्ली. आमच्याकडे आजोबांना गळ्यात घेतलं की आशीर्वाद मिळतो, आणि आलेल्याला आशीर्वाद नाकारणं म्हणजे पाहुण्याला पाणी न देण्यासारखं. एक बाई मूल होईना म्हणून आली. एकाला लॉटरी हवी होती. एका पोरीला फ्रान्सचा व्हिसा हवा होता. ती म्हणाली, "आपले आजोबा काय, इथल्या इथे फिरणारे. ह्यांना तिकडचा रस्ता माहीत आहे." पलीकडच्या प्रार्थनाघराचे पाद्रीसुद्धा आले. "मी यातलं काही मानत नाही," असं बजावून दोनदा गळ्यात घेतला, एकदा फोटो नीट आला नाही म्हणून.

अजगर बिचारा चेंडू होऊन बसायचा, डोकं आत खुपसून. लोक म्हणायचे, "बघा, किती शांत!" मी म्हणायचे, "शांत नाही, फाटलीय त्याची." मामा माझ्याकडे बघून डोळे वटारायचा.

आणि तो जेवेना.

बाईने दिलेले उंदीर मामीच्या फ्रीजमध्ये होते. मामी बिसापचं लाल सरबत पिशव्यांत गोठवून विकते. त्या लाल पिशव्यांशेजारी गुलाबी उंदीर, शेपट्या एका बाजूला लावून. मामी म्हणाली, "तुझे आजोबा माझं गिऱ्हाईक तोडणार." तरी उंदीर तीच गरम करायची. मामा चिमट्याने हलवायचा. त्या वेळी खोलीत निम्मी गल्ली बसलेली असायची, पहिल्या रांगेत पोरं. अजगर उंदराकडे बघायचा नाही, पोरांकडे बघायचा.

मग सल्ले सुरू झाले. नानव्ही म्हणाली, "तिकडचा आहे ना, त्याला मेयोनेज लावून द्या." एक म्हातारा म्हणाला, "सोडून दे देवळाजवळ, शिकेल इतरांकडून." मी म्हटलं, "अहो, ज्याने जन्मात जिवंत उंदीर पाहिला नाही, तो काय शिकणार? अन् पांढराफटक, घुबडाला अर्ध्या गावावरून दिसेल." कुणीतरी कोंबडीचं जिवंत पिल्लू आणलं. पेटीत सोडलं. पिल्लाने अजगराला एक चोच मारून पाहिली, त्याच्या वेटोळ्यावर चढलं, पंख फुगवले आणि झोपलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मामी म्हणाली, "छान. आता दोघांनाही पोसा."

हसत होते सगळे, पण अजगराच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला होता. मामा हसेनासा झाला. आमच्या गावात मोटारीखाली चुकून अजगर आला तरी माणसाचं करतात तसं त्याचं करतात; पांढरं कापड, रडणं, मूठमाती. घरात उपाशी मेला तर? 'आजोबांना अन्न न देणारा' हे नाव पडलं की असल्या माणसाला कोण घरात घेणार, फ्रीज उघडू देणार? पण मामाला ते भय नव्हतं. तो पेटीपाशी बसून पुटपुटायचा, "मी त्याला आणायलाच नको होतं गं. त्याच्या डोळ्यांत बघ. मी सगळ्यांना हो म्हटलं, त्याला कुणी विचारलंच नाही."

"मग आता नाही म्हण की!" मी ओरडले.

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी त्याला उडायला सांगितलंय.

त्याच दुपारी देवळातले पुजारीबाबा आले. आधी रीतसर गळ्यात घेतला. मग वजन बघून भुवया चढवल्या. "आगोसू, हे काय केलंस? आजोबा उपाशी?" लोक जमलेलेच होते. सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या. जे रोज अजगराला गळ्यात घेत होते तेच. नानव्ही तर म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते!"

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "बाबा, माझी मोठी बहीण मठात दीक्षेला बसली होती. आठवतं ना? आईलासुद्धा तिला भेटू दिलं नाही. हात लावायचा नाही, नावाने हाक मारायची नाही. का?"

"कारण ती नवी होती. नव्याला एकांत लागतो. कुणी शिवलं तर—" बाबा थांबले.

"हा जुना आहे का?"

 बाबांच्या गळ्यात अजून अजगर होता. त्यांनी तो हळूच काढला, अंगावरचा विंचू काढावा तसा, आणि मामाच्या हातात दिला. मग छाती काढून म्हणाले, "मी हेच सांगायला आलो होतो."

संध्याकाळच्या आत आमच्या दारावर कोवळ्या ताडाच्या झावळ्या टांगल्या गेल्या. ज्या दारावर त्या दिसतात त्या दारातून, बोलावल्याशिवाय, आमच्याकडे पोलीससुद्धा आत जात नाही. मामीने तिचं मोठं मडकं आडवं करून त्यात अजगराला ठेवलं, तोंडावर कापड टाकलं. खोलीतला दिवा बंद. गल्ली रस्त्यापलीकडे उभी राहून कुजबुजत होती. आशीर्वाद बंद झाल्याने त्या पोरीचा व्हिसा अडला म्हणे.

काही दिवस असे गेले आणि एका संध्याकाळी दाह आले. दाह म्हणजे आमच्या घराण्याचे प्रमुख. आम्ही राहतो ते घर घराण्याचं, म्हणजे कोण राहील ते दाह ठरवणार. मोठी छत्री, मागे कोतोनूचे तीन सुटाबुटातले पाहुणे, फोन हातात तयार.

"आगोसू, दार उघड. साहेबांना फोटो काढायचाय."

मामा उंबऱ्यावर उभा होता. आत त्याच वेळी मामी गरम उंदीर घेऊन मडक्यासमोर बसली होती, कोळशाच्या चिमट्यासकट. मी दोघांच्या मध्ये. मामाच्या मानेवरून घाम ओघळताना दिसत होता. त्याचा तो "हो हो" घशापर्यंत आलेला मला कळत होता.

"दाह," तो म्हणाला, "पाणी घ्या. बसा. सावलीत बसा."

"पाणी नको. दार."

"दाह... नाही."

इतक्या हळू म्हणाला की छत्रीवाल्याने वाकून विचारलं, "काय म्हणाला?"

"नाही," मामा जरा मोठ्याने म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"मी कोण आहे ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे, दाह. आत कोण आहे तेही ठाऊक आहे."

दाह लालबुंद झाले. छत्री थरथरली. पाहुण्यांनी फोन खाली केले. तेवढ्यात आतून फट् असा आवाज आला आणि मामी किंचाळली, "घेतला! अगं, घेतला! विळखा घातलाय बघ, माझा चिमटाही धरलाय मेल्याने!"

दाह झावळ्यांच्या खालून, पण उंबऱ्याच्या बाहेरच राहून, मान लांब करून म्हणाले, "खरंच जेवतायत?" अगदी दबक्या आवाजात. मामाने मान हलवली. मग दाहांनी मागे वळून पाहुण्यांना दरडावलं, "गप्प बसा! जेवणाच्या वेळी बोलतात का?" ते तर बोलतच नव्हते.

दाह सावलीत बसले. पाणी मागितलं. नानव्हीने पलीकडून आक्राची परात आणली, तीही चवड्यांवर चालत. अख्ख्या रस्त्यावर कुणी खोकेना.

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो हात पुढे करून आत शिरायला लागला. "एकदाच, सेजरो. फक्त पाठीवरून हात फिरवतो. पोट भरलंय का बघतो."

मी चौकटीत आडवी उभी राहिले.

"मामा, नाही."

 तो उंबऱ्यावरच टेकला, आणि आत न बघता तिथूनच मामीला विचारत राहिला, उंदीर कुठवर गेला, शेपूट दिसतेय का अजून.