आडवे नानांचे, उभे माझे

सकाळचा चहा झाला की मी पेन्सिलीला टोक काढते. शार्पनरने नाही, ब्लेडनेच. पातळ सालपटं रिकाम्या बशीत पडत जातात आणि लाकडाचा तो कोरडा, किंचित गोडसर वास नाकाशी येतो. पुढ्यात पेपर उघडलेला असतो, शब्दकोड्याच्या पानावर. जगाच्या बातम्या नंतर. कोडं सुटेपर्यंत ज्यांना भाजी निवडायचंही सुचत नाही, अशा माझ्यासारख्या वेड्यांना यात नवल वाटणार नाही. पण आयुष्यभर पेनाने लिहिणारी मी, मराठीची शिक्षिका, या वयात पेन्सिलीवर का आले, ते सांगायला हवं.

आमच्या पेपरातलं कोडं रोज एका विषयावर बेतलेलं असतं, आणि तो विषय कुठेही छापलेला नसतो. सूचना अशा आडवळणाच्या की शब्दांचं एकमेकांशी काही नातं असेल असं वाटूच नये. निम्मीअधिक घरं भरली की मग कुठे ते नातं दिसायला लागतं. हे सगळं मला माहीत नव्हतं, तेव्हाही मी रोज कोडं सोडवत होते. शब्द सुटले की पेपर मिटून ठेवायचा, इतकीच माझी अक्कल होती. मला शहाणं केलं शेजारच्या नानांनी.

नाना मूळचे साक्रीकडचे. धुळ्याच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर नानींना घेऊन इथे जळगावात, मेहरूणला, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायला आले. तीस वर्षं भोंग्यावरून गाड्या पुकारल्यामुळे आवाज असा, की ते घरात नानींशी बोलले तरी मला इकडे ओट्यावर वाटायचं, आता आपली गाडी सुटणार. बोलणं एरवी कचेरीतलं, शुद्ध. मात्र मन खुललं की अहिराणी. कोड्याचं वेड दोघांनाही आहे हे कळल्यावर दोन घरांत मिळून एकच पेपर ठरला. वाटणीही ठरली: आडवे शब्द नानांचे, उभे माझे. नाना पहाटे उठून आपले आडवे भरायचे, पेन्सिलीने. नऊ वाजता पेपर अंगणांमधल्या ठेंगण्या भिंतीवरून माझ्याकडे. संध्याकाळी पुरी झालेली चौकट मी परत भिंतीवर ठेवायची. नाना ती हातात धरून निवांत न्याहाळायचे, दाद दिल्यासारखे.

पहिल्याच आठवड्यात एकदा मी भिंतीपाशी उभी होते. चौकटीत मोट होती, पाट होता, पोहरा होता, काठ होता. काठाची सूचना लुगड्याची दिली होती आणि मी सकाळभर लुगड्यातच अडकले होते. नानांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाई, ह्या बठ्ठा शबद एकच विहिरना शेतस!" मी पुन्हा पाहिलं. खरंच की. सगळे शब्द एकाच विहिरीवर जमले होते, आणि मी, त्यातले निम्मे स्वतःच्या हाताने लिहिलेली, शुंभासारखी बघत होते. त्या क्षणी अंगावर आलेला काटा मला आजही आठवतो. कुणीतरी, कुठेतरी बसून, काळ्या-पांढऱ्या घरांत अख्खी विहीर बांधली होती आणि त्याचं नावही छापलेलं नव्हतं. नाना म्हणाले, "ज्यानं हे बनवलं त्याला रोज एकदा मनात हात जोडावेत. सोडवणं सोपं हो."

असं तीनेक वर्षं चाललं. मग नानांचं लिहिणं बिघडलं. अक्षरं शेजारच्या घरात जाऊ लागली, वेलांट्या काळ्या घरांवर चढू लागल्या, कधी एक ओळ दुसरीवर. माझे उभे शब्द त्यामुळे अडायचे आणि माझा पारा चढायचा. एका दुपारी मी सहामाहीचे पेपर तपासत होते. हातात लाल पेन होतंच. त्याच हातानं कोडं ओढलं, नानांच्या ओळीभोवती लाल गोल मारला आणि समासात लिहिलं: अक्षर सुधारा, लक्ष कुठे आहे? सातवीच्या वह्यांवर लिहिते तसंच, शब्दही तेच. संध्याकाळी पेपर भिंतीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पेपर कोरा आला. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही कोराच. मीही फुगून बसले. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं स्वतःशी म्हणत आडवे-उभे दोन्ही एकटीने भरत राहिले. पाचव्या दिवशी वाळवण घालताना नानीच भिंतीपाशी आल्या. पदरानं हात पुसत हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, त्यासले दिसत नही. काचबिंदू शे. दोन वरीस व्हयनात, पन कोनले सांगत नहीत."

दोन वर्षं हा माणूस अंदाजाने, बोटाने घरं चाचपत माझ्यासाठी आडवे शब्द भरत होता, आणि मी त्याला सातवीच्या पोरासारखं दटावलं होतं. लाज वाटली, फार लाज वाटली. त्यातल्या त्यात एक पळवाट मनाने शोधली: दिसत नाही म्हणजे त्यांनी ते वाचलंही नसणार. त्याच पळवाटेने मी पुढची वर्षं काढली. माफी मागायची तर आधी गुन्हा सांगावा लागला असता, आणि तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. तेव्हापासून कोड्याला मी पेन लावलं नाही, एवढंच.

दुसऱ्या सकाळी पेपर घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेले. "नाना, मला एकटीला सुटत नाही. मी वाचते, तुम्ही सांगा." त्यांनी सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाले, "काळी घरं कुठे कुठे आहेत ते आधी सांगा. वरच्या ओळीपासून." मी सांगितली. त्यांनी डोळे मिटले, बोटं गुडघ्यावर हलू लागली. आडव्या-उभ्या सगळ्या सूचना मी एकदा वाचल्या, आणि त्यानंतर जे घडलं ते नुसतं ऐकलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. "एक आडवा पातेलं. तिथूनच तुमचा एक उभा निघतो. शेतातून येणारीच्या डोक्यावर काय, असं आहे ना? मोळी लिहिलं असेल तुम्ही. पाटी करा." मी मोळीच लिहिलं होतं! अख्खी चौकट, प्रत्येक काळं घर, प्रत्येक छेदणारं अक्षर त्यांच्या मिटल्या डोळ्यांआड जागच्या जागी होतं. मी विचारलं, कसं जमतं हो? ते हसले. "ओळ म्हणजे फलाट, शब्द म्हणजे गाडी. कोणती कुठे लागलीय ते न बघता सांगायचं, हीच तर माझी नोकरी होती." मी मात्र दिवसभर त्या थक्कपणातच होते. भांडी घासतानाही डोळे मिटून चौकट आठवून पाहिली. दुसऱ्या ओळीपुढे गेले नाही.

पुढे नाना-नानी धुळ्याला मुलाकडे गेले. भिंत राहिली, पेपर माझा एकटीचा झाला. पण दहा वाजता फोन असतो. मी उभे भरून ठेवते, नाना आडवे सांगतात.

आज सकाळी मात्र मी फोन हातात घेऊन नुसती बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा विषय मला आधी सापडला होता. वात. मशाल. त्यांना छेदून जाणारे काजवा, समई, कंदील. आजचं कोडं उजेडाचं होतं, आणि ते मी कुणाला वाचून दाखवणार होते? शेवटी फोन लावला आणि म्हटलं, "नाना, आज पेपरच आला नाही."

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "पेपरनी घडी वाजनी, माले आयकू उनी. वाचा."

मी वाचलं. एकेक आडवा शब्द ते सांगत गेले, मी लिहीत गेले. कंदील झाल्यावर ते थांबले. मग तोच भोंग्यावरचा आवाज आनंदाने भरून आला. "बठ्ठा उजेडना शेतस! काय बेस बनाडं शे, बाई. एकबी घर अंधारमा ठेवं नही." मी पेन्सिल खाली ठेवली. तेव्हा तेच म्हणाले, "आते लाल पेन काढा."

"नाना, ते तुम्ही..."

"सूचना नानीच वाची दाखाडे, तेबी तिनी तवयच वाची दाखाडं व्हतं. मी चार दिन रुसनू, मंग तुम्ही उन्यात." ते हसत होते. "आते मनं अक्षर सुधरनं ना?"

लाल पेन खणाच्या तळाशी होतं. शाई वाळली होती. पेपरच्या कडेला घासघासून ती उतरवावी लागली. मी नानांच्या सगळ्या आडव्या ओळींशेजारी एक मोठी बरोबरची खूण केली.

"केली, नाना."

"आयकू उनी," ते म्हणाले.

पेन्सिलीचं लिहिणं काळाबरोबर फिकट होतं, आणि खरं तर त्यासाठीच मी ती धरली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं, न पाहिलेलं पुसलं जातं. ते पुसलं गेलं नव्हतं, नानांनी ते नुसतं सांभाळून ठेवलं होतं, मला पेलेल त्या दिवसापर्यंत. बशीतली सालपटं मी कुंडीत टाकली. आजचा पेपर रद्दीत टाकलेला नाही.