आधी साखरपाणी

आमच्या मासिकात लेख छपाईला जाण्याआधीची शेवटची पायरी म्हणजे फोन. डॉक्टरांनी लेख तपासलेला असो, संदर्भ जुळलेले असोत, संपादकबाई तेवढ्यावर तो सोडत नाहीत. वैद्यकाशी काडीचा संबंध नसलेल्या कुणाला तरी फोन लावायचा, लेख सावकाश वाचून दाखवायचा आणि एवढंच विचारायचं, "हे ऐकून आता तुम्ही काय कराल?" समोरचा माणूस जे सांगेल तोच लेखाचा अर्थ, बाकी आपल्या मनातलं आपल्यापाशी, असं बाईंचं म्हणणं. बाई आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी परभणीत हे आरोग्याचं मासिक काढलं. मी तिथे उपसंपादक म्हणून लागले तेव्हा मला हा फोनचा प्रकार निव्वळ छळ वाटायचा, आणि मी ते लपवतही नसे.

छळाचा उपयोग मात्र दिसायचा. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, असा एक लेख होता. त्यात चुकण्यासारखं काय असणार? फोनवरच्या काकांनी खुशीत सांगितलं की किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला लावलंय, पण तुम्ही एवढं म्हणताय तर आता तांब्यावर तांब्या रिचवतो. लेखात मुकाट्यानं एक परिच्छेद वाढला. एक गृहस्थ तर शुगर मुळासकट घालवणाऱ्या पाल्याच्या रसावर लेख घेऊन आले होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "ज्यांची गेली त्यांना एकदा घेऊन या. सगळे मिळून चहा घेऊ." गृहस्थ अजून यायचे आहेत.

नवरात्राच्या अंकासाठी मधुमेहावरचा लेख माझ्याकडे आला. मी झटून लिहिला. गोळी एकही दिवस चुकवू नका, हे ठळक टाइपात. अचानक घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले, डोकं गरगरलं तर साखर उतरली असं समजा आणि लगेच ग्लुकोजची बिस्किटं खा, हेही होतं. आम्हाला लेख तपासून देणाऱ्या डॉक्टरांनी "छान" म्हणून परत पाठवला. मी फुशारकीनं तो बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "फोन?"

मी चिडून सेलूला आईला लावला. म्हटलं, हिला शुगर आहेच, लेकीचं कौतुकही करेल, एकदाचं मिटेल. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"लय चांगलं लिहिलंस बाई," ती म्हणाली.

"मग आता तू काय करशील?"

"गोळी घेत जाईन की. उपासाला मी कधीमधी सोडायची. आता नवरात्रात एकबी दिवस सोडत न्हाई बग."

"आणि खाशील काय?"

"खायाचं कशाला? कडक उपास हाय माझा. सकाळी च्या आन् सांजच्याला कपभर दूध."

"अगं, उपाशीपोटी गोळी घेतलीस तर साखर उतरेल," मी म्हणाले. पण आई रंगात आली होती. "आन् ते घामाचं, थरथरीचं लिहिलंस ना, ते शुगरचं न्हाई बरं का. ती देवी असती. गेल्या अष्टमीला आली की माझ्या अंगात. देवळात बसले हुते, घाम सुटला, हातपाय लटलट कापायले, तोंडातून धड शबुद निघंना. साऱ्या गल्लीच्या बाया पाया पडल्या माझ्या. शेजारच्या काकूनं मळवट भरला. तुला नव्हतं सांगितलं, तू उगं कटकट करतीस म्हून."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी हातानं मला थांबवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग ताई, देवी शांत कशी झाली हो?"

"परसादाचा पेढा घातला तोंडात, दूध-साखर पाजली. झाली शांत."

फोन ठेवल्यावर मी टेबलाशी बसून रडले. भीतीनं रडले. गेल्या अष्टमीला प्रसाद यायला थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आणि मी लिहिलेलं, डॉक्टरांनी तपासलेलं, अक्षर न अक्षर बरोबर असलेलं वाचून माझी आई नऊ दिवस उपाशीपोटी गोळी घेणार होती.

त्याच रागात मी लेख पुन्हा लिहिला. त्यात अंधश्रद्धा हा शब्द इतक्या वेळा आला की बाईंचा लाल पेन थकला असेल. त्यांनी सगळे खोडले.

"पण बाई, हे खरं आहे!"

"देवी आली की नाही, हे तपासायची आपल्याकडे काही सोय आहे का?"

"नाही."

"साखर उतरली की नाही हे तपासायची?"

"आहे."

"मग जे तपासता येतं तेवढंच लिही. तुला आईशी भांडण जिंकायचंय की तिला धड ठेवायचंय?"

मी तणतणत बसले, पण बसले. डॉक्टरांना पुन्हा फोन केला. आधी तेही जरा वैतागले, मग म्हणाले की हे आपल्याला सुचायला हवं होतं. सगळ्याच गोळ्यांनी असं होत नाही, काहींनी होतं, तेव्हा उपास धरण्याआधी प्रत्येकानं आपापल्या डॉक्टरांना विचारावं, स्वतःच्या मनानं गोळी बंदही करू नये आणि चालूही ठेवू नये, हे वाक्य त्यांनी दोनदा दुरुस्त करून घेतलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे वाढवलं. बिस्किटं मी स्वतः काढली. उपासाची बाई जिवावर बेतलं तरी बिस्कीट तोंडात घालणार नाही. साखर मात्र उपासाला चालते. शेवटी चौकटीत असं आलं: "नवरात्रात शुगरच्या पेशंट बाईला घाम सुटला, थरथर आली, ती असंबद्ध बोलू लागली, तर ती शुद्धीवर असताना आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. बाकी सगळं नंतर."

या खेपेला फोन आईला केला नाही. मळवट भरणाऱ्या शेजारच्या काकूंना केला. त्यांनी चौकट दोनदा वाचायला लावली. काय कराल, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आदी साखरपाणी पाजीन. मंग कुकू लावीन. चालतंय न्हवं?"

बाई म्हणाल्या, "चालतंय म्हणावं." लेख छपाईला गेला, आणि अंक निघाल्यावर देवळात वाटायला एक गठ्ठा मी काकूंकडे पाठवला.

आईचं मात्र घोडं अडलेलंच. तिनं आपल्या डॉक्टरांना उपासाचं कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं की ते उपास बंद करा म्हणतील, ही तिची भीती. मी रोज विचारायची, "विचारलंस का डॉक्टरांना?" ती रोज म्हणायची, "इचारलं की." माझी आई सराईत खोटं बोलते. माझ्या समजुतीसाठी तिनं दुपारी केळं आणि राजगिऱ्याचा लाडू खायचं कबूल केलं, तेवढंच; गोळी रोज चालूच होती. अष्टमीला मी सुट्टी टाकून सकाळच्या गाडीनं सेलूला गेले. तिनं खरोखर अर्धं केळं खाल्लं. अर्धं माझ्या हातात दिलं आणि तशीच भजनाला गेली.

मीही तिच्यामागे देवळात जाऊन बसले. भजन टिपेला होतं. आईच्या टाळ्यांचा ठेका चुकायला लागला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम डबडबला होता. मग खांदे हलायला लागले. बाया सरसावल्या, कुणी तरी "आली, आली" म्हणालं, पुढच्या दोघींनी हात जोडले. मी घाबरून उठायच्या आत शेजारच्या काकू ओरडल्या, "थांबा गं! आदी साखरपाणी!" आणि त्यांनी खरंच पदराआडून पेला काढला. घरूनच कालवून आणला होता. आईला धरून, एकेक घोट करून, त्यांनी तो सगळा पाजला. एकाही बाईनं हरकत घेतली नाही. त्यांना कुणी खोटं ठरवलं नव्हतं, कुणी हसलं नव्हतं, फक्त कशाच्या आधी काय करायचं तेवढं सांगितलं होतं. मग काकूंनी ठरल्याप्रमाणे कुंकवाची कोयरी उघडली.

त्या पेल्यासाठी मी काकूंची ऋणी आहे. आमच्या डॉक्टरांची आहे, आणि बाईंची तर किती ते सांगता येणार नाही. माझ्या लेखातला माझा राग त्यांनी खोडला नसता, तर त्या देवळात तो अंक कुणी हातातसुद्धा धरला नसता.

घरी आल्यावर मी आईला दूध दिलं, लाडू दिला, आणि मुद्दाम बरोबर आणलेल्या मशीनवर तिची साखर बघितली. सावरली होती. ती भिंतीला टेकून बसली. कपाळभर कुंकू तसंच होतं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,

"देवी आलती का गं?"

नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. हो म्हणून तिला खूश करणंही सोपं होतं.

"तुझी साखर उतरली होती, एवढं मला माहीत आहे," मी म्हणाले. "देवीचं मला माहीत नाही."

तिनं हातातला लाडू मोडला. मला वाटलं, चिडली.

"माहीत न्हाई मनलीस," ती म्हणाली. "खोटं हाय न्हाई मनलीस."

"मला खरंच माहीत नाही, आई."

तिनं उरलेला लाडू तोंडात टाकला, हात झटकले आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

"मंग लाव डॉक्टरला फोन. कडक उपास धरतीया मनावं. दर साली धरतीया. समदं खरं सांग."