नवाबाच्या नावाचं सांदण

मुरुडला येणाऱ्या पाहुण्याला नवाबाचा राजवाडा रस्त्यावरूनच बघावा लागतो. फाटक बंद असतं. माझ्या शेजारच्या जहुराभाबीचा धंदा या बंद फाटकावरच चालतो. तिच्याकडे पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत, समुद्राकडे गॅलरी आहे आणि थापांना तर तोटाच नाही.

अकरा वर्षांपूर्वी नाशिकचं एक कुटुंब राजवाड्यावरून तोंड पाडून परतलं. भाबी म्हणाली, "आतून बघून काय करता? आतलं खाऊन बघा." आणि पुढ्यात सांदण ठेवलं. तांदळाचं, नारळाच्या दुधातलं, वाफेवर टम्म फुगलेलं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली कृती म्हणे! पाहुणे खूश. पुढच्या मोसमात दारावर पाटी लागली, 'शाही सांदण'. त्याच्या पुढच्या मोसमात भाबीच्या गोष्टीत नवाबसाहेब चार सांदणं खाऊन पाचवं उशाशी घेऊन झोपू लागले.

खरी कृती तिच्या सासूची, हलिमाची. मला ठाऊक होतं. पण पहिली वाफ उतरली की चार सांदणं माझ्याकडे येत, आणि तोंड भरलेलं असलं की माणसाला खरं बोलता येत नाही.

गेल्या डिसेंबरात पुण्याची दहा-बारा माणसं टेबलाभोवती बसली होती. मीही होतो, अर्थातच. भाबी गोष्ट रंगवत नवाबाच्या उशीपर्यंत पोचली, तेवढ्यात मुंबईहून एकटीच आलेल्या सकिना नावाच्या म्हातारीने हातातला घास खाली ठेवला.

"माझे अब्बा त्या राजवाड्यात बावर्ची होते," ती म्हणाली.

भाबीचं तोंड पांढरंफटक पडलं. एका पोराने मोबाइल वर धरला. आता हे सगळीकडे जाणार, खोल्या ओस पडणार. सांगायला लाज वाटते, पण मला मजा येत होती.

"राजवाड्यात सांदण कधी फुगलंच न्हाय," सकिना म्हणाली. "अब्बांच्या हातचं दगडासारखं बसायचं. पाहुणे आले की ते डबा देऊन मला मागच्या दारानं धाडायचे, ह्याच गल्लीत. हलिमाआपाकडं. तिच्या हातचं हे सांदण मी कुठंही ओळखेन."

भाबी मटकन खाली बसली.

"ती माझी सासू, खाला," ती रडत म्हणाली. "अकरा वर्सं मी तिचं सांदण नवाबाच्या नावावर विकलं. आणि ती होती तवा एकदासुद्धा तिला 'बरं झालंय' म्हटलं न्हाय."

माझीही मजा तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली, 'हलिमाचं सांदण'. आता भाबी पाहुण्यांना अक्षर न अक्षर खरं सांगते, आणि पाहुणे एकमेकांना डोळे मारतात. मी साक्ष देतो, तर मलाही हसतात.

परवा सांगलीचे एक गृहस्थ म्हणाले, "मावशी, थापच मारायची तर नवाबाची मारा. ही हलिमा कोण? कोण विचारतंय तिला?"

भाबीने त्यांच्या पुढची ताटली उचलली.

"मग जा," ती म्हणाली, "नवाबाकडंच जाऊन खा."