कवितेखालची चौकट

शारजात फ्रेंच शिकवणाऱ्या नीलिमाताई राजवाडे वर्गात बजावायच्या, "प्रतीकवादी कवींकडून एवढं तरी शिका. सांगू नका, सुचवा!"

सत्त्याण्णवच्या गणेशोत्सवात त्यांनी मंडळाच्या स्मरणिकेला कविता दिली. खाडीवर डोलणारी रिकामी होडी, ओल्या दोराचा वास, बस्स. संपादक बापू सबनीस पडले ट्रेडिंगवाले, लेबलाशिवाय माल कसा सोडतील? कवितेखाली चौकट टाकून मोकळे: "अर्थ : कवयित्रीला दिवंगत आईची आठवण येते."

ताई फोनवर कडाडल्या, "बापू, कविता आहे की गाईड? आई हा शब्द मी मुद्दाम गिळला होता!"

"अहो, लोकांना कळायला नको?"

आरतीनंतर मंडळातल्या प्रमिलावहिनींनी ताईंचा हात प्रेमाने धरला. "खाली अर्थ दिलात ते फार बरं केलंत हं. वरचं वाचावंच लागलं नाही."