हर्णैच्या मासळीबाजारात आईचा फोटो

आईला समुद्र बघायचा नव्हता. तिला फोटो हवा होता. "मी गेल्यावर भिंतीला लावायला धड एक फोटो न्हाई माझा. आधारकार्डावरचा लावशील तू," असं ती कधीपासून ऐकवत होती. काष्टीत माझा फोटो स्टुडिओ आहे, पंधरा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, आणि स्वतःच्या आईचा फोटो नाही. लाजच की ही! पण करू काय? कॅमेरा दिसला की ती पदर डोक्यावर ओढते, हात सरळ सोडते आणि झेंडावंदनाला आल्यासारखी ताठ होते. म्हटलं, अनोळखी गावात नेऊ, गर्दीत तिच्या नकळत काढू. हर्णै ठरलं.

पहाटे पाचला निघालो. दौंड, पुणे, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड, दापोली. ताम्हिणीपासून वळणंच वळणं आहेत, उलटीची गोळी आधीच घ्या. आई "मला काय हुतंय" म्हणाली आणि तीनदा गाडी थांबवायला लावली. पोचायला दहा तास लागले. खोली जेवणासकट दोघांना अडीच हजार. आई माळकरी, म्हणून शाकाहारी जेवण सांगून ठेवलं होतं. तर आमटीत नारळ, भाजीत नारळ. तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढली आणि वर घरमालकिणीलाच वाढली.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत फिरलो. नुसता वैताग. मी लांबून कॅमेरा रोखावा, तर आईच्या आधी गावच पोझ देणार. जाळं विणणारे आजोबा उठून शर्टाची बटणं लावून आले. सायकलवाल्यानं चष्मा काढून केसांवरून हात फिरवला. आणि आईला कसं कळायचं देव जाणे, पाठमोरी असली तरी पदर वर जायचाच. दुपारपर्यंत शे-सव्वाशे फोटो झाले, कामाचा एक नाही. शेवटी भर रस्त्यात मी तिच्यावर ओरडलो, जरा माणसासारखी उभी राहा की म्हणून. ती म्हणाली, उभीच हाय की. आणि पिशवी उचलून पुढे चालू लागली. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो. जाणार असाल तर जुन्या चपला घाला. आई नाकाला पदर लावून कडेला उभी होती. शेजारी पुण्याकडची एक बाई कोळणीकडून सुरमई घेत होती, सांगेल त्या भावात. तीस वर्षं काष्टीच्या बाजारात भाजी विकलेल्या आईला ते बघवेना. माशाला शिवायचं नाही, पण भाव पाडायला माळ कुठे आड येते? नाकावरचा पदर सुटला, कमरेला खोचला गेला. कोळीणही काही कमी नव्हती. दोघी हातघाईवर आल्या आणि मधेच दोघींना हसू फुटलं. आई तोंड भरून हसत होती. मी गुडघ्यावर बसलो. उजेड छान, फोकस पक्का. आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "हां, आता इकडे बघा!"

आईनं बघितलं. हात उगारून खेकसली, "थांब की रं, भाव चाललाय!" बटण नेमकं तेव्हा दाबलं गेलं. पुढच्या क्षणी पदर डोक्यावर आणि झेंडावंदन सुरू.

परतीच्या दहा तासांत मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर फोटो उघडले. तो फोटो पुसायलाच निघालो होतो. डोळे वटारलेले, हात वर, ओठांवर अर्धं हसू तसंच राहिलेलं. मागून आईनं मला थांबवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"ह्योच लाव," ती म्हणाली. "मी गेल्यावर तू कुनाचं ऐकायचा न्हाईस. निदान ही तरी तुझ्याकडं बघत राहील."

फ्रेम करून आणली आहे. कपाटात पालथी घालून ठेवली आहे. लावायची काही घाई नाही.